भौतिकोपचाराचे शिक्षण आणि रायपूरचे रुग्ण

रायपूर : कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवरील शस्त्रक्रिया तशी फार मोठी नसते. कोपराच्या मागून जाणारा अल्नर मज्जातंतू निकामी झाला, की पंजातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे पक्ष्याच्या नखीप्रमाणे आत वळतात. बोट वाकविण्यासाठी निसर्गाने दोन कंडरा दिलेल्या आहेत. शल्यविशारद एका बोटातील त्यांपैकी एक कंडरा सोडवितो, तिच्या चार पट्ट्या करतो आणि त्या चारही बोटांना अशा ठिकाणी जोडतो, की बोटे मुळाशी वाकावीत आणि पुढे सरळ राहावीत. त्यानंतर तीन-चार आठवडे हात प्लास्टरमध्ये असतो. प्लास्टर निघाल्यावर रुग्णाला बोटे सरळ करण्यास सांगितले, तर बहुधा काहीच घडत नाही. स्नायूची जोडणी बदललेली असते. मेंदूच्या लेखी मात्र त्याचे काम जुनेच असते.

येथून पुढचे काम शस्त्राचे नाही. रुग्णाला आधी ती जुनीच हालचाल करण्यास सांगावे लागते, कारण त्याच प्रयत्नातून नवी हालचाल उमटते. ती त्याला डोळ्यांनी पाहून ओळखावी लागते, कारण हाताला स्पर्श कळत नाही. हे दिवसातून अनेक वेळा, आठवडेच्या आठवडे करावे लागते. मग पेला धरणे, भाताचा घास उचलणे, शर्टाचे बटण लावणे. शस्त्रक्रियेपूर्वीही काही आठवडे हात कोमट पाण्यात भिजवून, तेल लावून, आखडलेले सांधे हळूहळू मोकळे केलेले असावे लागतात; सांधे ताठ असतील तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. हे आधीचे आणि नंतरचे दोन्ही काम फिजिओथेरपिस्टचे. फिजिओथेरपी म्हणजे काय, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर देणे अवघड आहे.

हे उदाहरण रायपूरसंबंधी लिहिताना घेण्यास कारण आहे. भारताने २००५ च्या डिसेंबरमध्ये कुष्ठरोगाचे प्रमाण देशपातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एका रुग्णाहून खाली आणले. छत्तीसगड मात्र त्यानंतरही अधिक रुग्ण असलेल्या राज्यांत राहिले. रायपूरजवळील लालपूर येथे केंद्र सरकारची प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था १९७९ पासून आहे. देशातील अशा मोजक्या संस्थांपैकी ती एक. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, रोग बरा होतो. परंतु त्यापूर्वीच निकामी झालेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. रोग बरा झालेला मनुष्य आणि हात गमावलेला मनुष्य हे पुष्कळदा एकच असतात. मज्जातंतूला सूज आल्याची खूण वेळेत ओळखली, तर हे टाळता येते. त्यासाठी प्रत्येक भेटीत स्नायूंची ताकद आणि त्वचेची संवेदना तपासून नोंद करावी लागते. करंगळी बाजूला नेता येते का, अंगठा वर उचलता येतो का, पाऊल घोट्यातून वर येते का, एवढ्या साध्या चाचण्या. त्या दर महिन्याला कोणी केल्या आणि मागील महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहिल्या, तर अनेक हात वाचतात.

मराठी वाचकाला या प्रदेशाशी जोडणारा एक धागाही याच रोगाचा आहे. चांप्याजवळील सोठी येथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. कात्रे स्वतः कुष्ठरुग्ण होते. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट गावचे दामोदर गणेश बापट १९७० च्या दशकात त्यांच्या कामात आले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे आहेत आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी आजही कानावर पडते. तरी या प्रांताने महाराष्ट्राकडून घेतलेल्या आणि महाराष्ट्राला दिलेल्या गोष्टींत सोठीचे नाव पहिल्या रांगेत असावयास हवे.

भौतिकोपचार हा शब्द कोशात आणि परिषदेच्या नावात आहे. रुग्णालयाच्या पाटीवर आणि रुग्णाच्या तोंडी फिजिओथेरपीच आहे. कोणताही शब्द वापरला, तरी घोटाळा अर्थाचा होतो. बहुसंख्य लोकांच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे शेक, यंत्र किंवा मालीश. यांतील काहीच तिला वर्ज्य नाही, पण तिचे सार यांत नाही. शरीराची हालचाल कशाने होते, ती कोठे अडली आहे आणि योग्य मात्रेतील व्यायामाने ती कितपत परत आणता येईल, याचा शास्त्रशुद्ध विचार म्हणजे हे शास्त्र. मात्रा हा शब्द येथे महत्त्वाचा. औषधाप्रमाणेच व्यायामालाही मात्रा असते, आणि ती कमी पडली तर गुण येत नाही, अधिक झाली तर अपाय होतो.

याचा मोठा दाखला पक्षाघाताच्या उपचारातून मिळाला. पक्षाघाताच्या रुग्णाला लवकर उठवावे, असे सर्वसाधारण मत होते आणि ते आजही योग्य आहे. मग जितके लवकर तितके चांगले का, हे पाहण्यासाठी पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. पहिल्या चोवीस तासांतच पुष्कळ वेळा आणि दीर्घकाळ उठविलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती, नेहमीची काळजी घेतलेल्या रुग्णांच्या तुलनेत, उलट थोडी कमीच होती. याचा अर्थ रुग्णाला अंथरुणात पडू द्यावे असा नाही. पहिल्या दिवशी थोडे, वारंवार आणि नाडी-रक्तदाब पाहून, असा त्याचा अर्थ. ज्याला हा फरक कळतो तो फिजिओथेरपिस्ट; ज्याला केवळ हात-पाय हलविता येतात तो नव्हे.

या व्यवसायाचा इतिहास युद्धांचा आणि साथींचा आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये व्यायामशास्त्राची राजमान्य संस्था काढली. लंडनमध्ये १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संघटना उभी केली, कारण मालिशीच्या नावावर चालणाऱ्या गैरव्यवहारांपासून आपल्या कामाचे नाव वेगळे ठेवण्याची त्यांना गरज वाटली. पहिल्या महायुद्धाने हजारो जखमी सैनिक परत पाठविले आणि पोलिओने हजारो मुले लुळी केली; या दोन्हींनी मिळून हा व्यवसाय घडविला.

भारतातील आरंभही पोलिओतूनच झाला, आणि तो मुंबईत झाला. फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर उपचारांसाठी देशभर धडपड केली आणि १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था स्थापन केली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या रोगाने हा व्यवसाय जन्मास घातला तो गेला. व्यवसायाची गरज मात्र वाढतच गेली. अपघात, पक्षाघात, मधुमेह, सांध्यांची झीज आणि लांबलेले आयुर्मान ही त्याची आजची कारणे. पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशा व्याधी असलेल्या लोकांची संख्या २०१९ मध्ये जगभरात सुमारे २४१ कोटी होती, असा अंदाज आहे. म्हणजे दर तीन माणसांमागे जवळजवळ एक.

रायपूरच्या रुग्णालयांतील रांगेकडे पाहिले, तर या सामान्य कारणांखेरीज काही खास या भूमीची कारणे दिसतात. पाठ्यपुस्तकांत ती दोन-चार ओळींत संपतात. येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती समोर बसलेली दिसतात.

पहिले सिकलसेल. छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य प्रदेशाचा पूर्व भाग या सलग पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आहे. रायपूरमध्ये या रोगासाठी राज्याची स्वतंत्र संस्था आहे. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यातून खुब्याच्या हाडाचे काय होते, याची चर्चा कमी होते. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या. त्या बंद पडल्या, की ते गोल डोके आतून मरू लागते आणि चालताना शरीराच्या भाराखाली चेपते. विशीतला तरुण लंगडू लागतो. मजुरीवर घर चालणाऱ्या कुटुंबात लंगडणे म्हणजे रोजगार बुडणे.

येथे फिजिओथेरपिस्ट काय करू शकतो? कुबडी किंवा काठी कोणत्या हातात धरावी, हे तो शिकवितो. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात काठी धरली, तर खुब्यावरील भार कमी होतो. बहुतेक रुग्ण आपोआप उलटे करतात. खुब्याच्या बाजूचे स्नायू तो बळकट करवून घेतो आणि सांध्याची हालचाल टिकवितो. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि नंतर फिजिओथेरपी, तर दुसऱ्यात केवळ फिजिओथेरपी. सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच आढळली. चाचणी लहान होती, म्हणून तिच्यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. पण प्रारंभीच्या अवस्थेत व्यायामाला दुय्यम मानण्याचे कारण नाही, इतके तरी तिने दाखविले.

याच रुग्णाबाबत एक धोकाही आहे. दुखावलेल्या सांध्यावर बर्फ ठेवणे हा फिजिओथेरपीतील नेहमीचा उपचार. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून बर्फ टाळावा लागतो, व्यायाम दमछाक होण्याआधी थांबवावा लागतो आणि मध्ये मध्ये पाणी द्यावे लागते. कुष्ठरुग्णाच्या किंवा मधुमेहींच्या बधिर त्वचेवर शेक दिला, तर रुग्णाला न कळता ती भाजते. रुग्णाच्या पूर्वेतिहासाचा कागद न वाचता यंत्राचे बटण दाबणे किती महागात पडू शकते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

दुसरे कारण आता मागे पडत चालले आहे, पण या प्रदेशाच्या वैद्यकीय इतिहासातून ते वगळता येणार नाही. छत्तीसगडात उभ्या भाताच्या पिकात, कापणीपूर्वी, ओलाव्यावर तिवरा पेरण्याची जुनी पद्धत आहे. हिंदीत खेसारी, विदर्भात लाख किंवा लाखोळी म्हणतात ती हीच डाळ. पाणी नसले तरी येणारे, दुष्काळातही हाती लागणारे पीक. परंतु तिच्यातील एक विषारी द्रव्य हालचालीवर नियंत्रण ठेवणाऱ्या चेतापेशींना इजा करते. इतर अन्न नसताना महिनोन्महिने हीच डाळ प्रमुख अन्न म्हणून खाल्ली गेली, तर पायांना ताठरपणा येतो, टाचा उचलल्या जातात आणि चालताना गुडघे एकमेकांवर आपटतात. डॉक्टरांनी या रोगाच्या पायऱ्यांना दिलेली नावे फारशी शास्त्रीय नाहीत, पण विसरता येण्याजोगीही नाहीत : काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. मध्य प्रदेशच्या रीवा-सतना भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे. या रोगाचे मूळ जितके डाळीत तितकेच त्या व्यवहारात होते.

विष १९६० च्या दशकात ओळखले गेले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने हे द्रव्य अत्यल्प असलेले प्रतीक आणि महातिवरा हे वाण काढले. नवे रुग्ण आता क्वचित आढळतात. मात्र एकदा आलेला ताठरपणा जात नाही. पोटऱ्यांचे आणि मांड्यांच्या आतील स्नायूंचे रोजचे ताण, योग्य उंचीची काठी, घरात बसण्या-उठण्याची सोय, एवढेच त्या वयोवृद्ध रुग्णांसाठी करता येते. दोन काठ्यांवरून एका काठीवर आलेल्या माणसाचा एक हात मोकळा होतो. ही सुधारणा क्ष-किरणांत दिसत नाही.

बाकी रांग देशातील कोणत्याही मोठ्या शहरासारखीच आहे. भिलाई आणि कोरब्याच्या उद्योगांतील अपघात, महामार्गांवरील अपघात, बस्तरमधील स्फोटांत पाय गमावून हेलिकॉप्टरने रायपूरला आणलेले जवान, अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या छातीतील कफ मोकळा करणे, प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेल्या स्त्रिया. या शेवटच्या तक्रारीसाठी स्त्रिया क्वचितच येतात. खोकताना लघवी होणे ही बाळंतपणाची अपरिहार्य किंमत आहे असे त्यांनी मानलेले असते, आणि तिच्यावर व्यायामाचा परिणामकारक उपचार आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता शिक्षणाविषयी. रायपूरमध्ये शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. राज्यातील आरोग्यविषयक शिक्षण २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि आता पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. शहरातील सर्वांत जुने वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. त्याला जोडलेले आंबेडकर रुग्णालय सामान्य लोकांत मेकाहारा या नावाने ओळखले जाते. २०१२ मध्ये टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि तिच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन विभागाने या क्षेत्रात भर घातली. राजनांदगाव येथे दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे.

पदवी अभ्यासक्रमाला बी.पी.टी. म्हणतात. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असणे आवश्यक. आजवर हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी साडेचार वर्षांचा होता. त्यात शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या नव्या आदर्श अभ्यासक्रमात तो एका वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा ठरविला आहे. प्रवेशपद्धतीही बदलत असून तिचा कल नीट परीक्षेकडे आहे. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षीची राज्याची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यात अस्थिरोग, मेंदूविकार, हृदय व श्वसन, क्रीडा, बालरोग, सामुदायिक आरोग्य अशा शाखा निवडता येतात.

पहिल्या वर्षात शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय असतात. वैद्यकीय प्रवेशात थोडक्यात हुकलेले अनेक विद्यार्थी येथे येतात आणि हा सोपा मार्ग असेल असे समजतात; पहिल्याच सहामाहीत त्यांचा भ्रम दूर होतो. प्रत्येक स्नायू कोठून निघतो, कोठे जोडला जातो, कोणता मज्जातंतू त्याला चालवितो, हे पाठ असावे लागते, कारण पुढील सारे निदान त्यावर उभे आहे. दुसरा कठीण विषय जैवयांत्रिकी. तरफ, बल, भारकेंद्र हे शाळेतील भौतिकशास्त्र येथे मनुष्याच्या गुडघ्यात आणि कण्यात भेटते. काठी विरुद्ध हातात का धरावी, याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे. ते ज्याला समजले त्याला पाठ करावे लागत नाही.

मग येतात व्यायामोपचार, विद्युत उपचार, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र आणि निरनिराळ्या रुग्णविभागांतील काम. साधने साधी असतात. सांध्याचा कोन मोजणारा मापक, प्रतिक्षिप्त क्रिया तपासणारी लहान हातोडी, मोजपट्टी आणि घड्याळ. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे बोटाखाली स्नायू फक्त थरथरल्याचे जाणवते. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो, पण त्यावर थोडाही विरोध सहन होत नाही. श्रेणी एक आणि शून्य यांतील फरक बोटाच्या टोकाला कळावा लागतो, आणि तो शेकडो रुग्णांना हात लावल्याशिवाय कळत नाही. या शिक्षणाचा दर्जा महाविद्यालयाच्या इमारतीवर अवलंबून नसतो याचे कारण हेच.

या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याचा आधार मिळण्यास फार उशीर झाला. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने त्यानंतर काही वर्षांनी स्वतःच्या परिषदांसाठी कायदे केले.  अनेक राज्यांत काहीच नव्हते. अल्पमुदतीची प्रमाणपत्रे घेतलेले आणि पदवीधर यांच्यात रुग्णाला फरक करता येत नव्हता. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग म्हणून स्थान मिळाले; केंद्रीय नोंदवही, राज्य परिषदा आणि शिक्षणाची समान मानके यांची तरतूद झाली. अंमलबजावणीचा वेग राज्याराज्यांत वेगळा आहे.

डॉक्टर या उपाधीचा वाद मात्र कायद्यानेही मिटला नाही. नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ही उपाधी आणि नावामागे पीटी ही अक्षरे लावावीत असे सुचविले होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी फेरविचारासाठी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंच्या संघटनांनी या प्रश्नावर जितकी शक्ती खर्च केली, तितकी जिल्हा रुग्णालयांतील रिक्त पदांवर केली असती तर रुग्णांचे अधिक भले झाले असते, असे तटस्थ निरीक्षकाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : पाठदुखीच्या मागे क्षय, कर्करोग किंवा मणक्यावरील दाब दडलेला असू शकतो हे ओळखून समोरचा तज्ज्ञ रुग्णाला वेळेत दुसरीकडे पाठवितो की नाही. रात्री झोपू न देणारी वेदना, कारणाशिवाय घटलेले वजन, ताप, लघवी-शौचावरचे नियंत्रण सुटणे, या खुणा दिसताच व्यायाम थांबवून वैद्याकडे पाठविणे हे उत्तम फिजिओथेरपिस्टच्या शिक्षणाचा भाग आहे.

पाठदुखीचाच विषय निघाला आहे, तर आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये दीर्घकालीन पाठदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रुग्णाला दुखण्याचे स्वरूप समजावून सांगणे आणि नियमबद्ध व्यायाम यांची तिने शिफारस केली. कमरपट्टा, कण्याला ताण देणारे ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि त्वचेवर लावावयाचे विद्युत उत्तेजन यांची नित्य वापरासाठी शिफारस केली नाही. ज्यांची शिफारस नाही त्याच गोष्टी आपल्याकडील अनेक केंद्रांत सर्वाधिक वापरल्या जातात. कारणे सरळ आहेत. यंत्र लावून ठेवले, की एका वेळी चार रुग्ण सांभाळता येतात. रुग्णालाही पैसे दिल्याचे समाधान मिळते. व्यायाम शिकविण्यासाठी अर्धा तास समोर बसावे लागते आणि घरी तो केला की नाही, हे पुढच्या वेळी विचारावे लागते. दहा दिवस यंत्राखाली झोपून परत आलेल्या आणि एकही व्यायाम न शिकलेल्या रुग्णाने आपल्याला फिजिओथेरपी मिळाली नाही असे समजावे.

पदवीनंतरची वाट सरळ नाही, हेही विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वी सांगितले पाहिजे. शासकीय पदे थोडी आहेत आणि ती बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर शीघ्र निदान केंद्रांची योजना आणली. मेंदूचा पक्षाघात किंवा विकासातील विलंब असलेल्या बालकांसाठी तेथे फिजिओथेरपिस्टचे पद आहे. खाजगी रुग्णालयांत सुरुवातीचे वेतन कमी असते. क्रीडा संघांचे आकर्षण मोठे, पण जागा अगदी मोजक्या. बहुसंख्य पदवीधर काही वर्षे नोकरी करून स्वतःचे केंद्र काढतात किंवा घरोघरी जाऊन उपचार करतात. मुले परगावी असलेल्या वृद्धांच्या वस्त्यांत या शेवटच्या सेवेची मागणी वाढत आहे. आणि रायपूरपासून तीनशे किलोमीटर दूर बस्तरमध्ये, पक्षाघातानंतर रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा रायपूरला येणे शक्यच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले आणि सिकलसेलचे रुग्ण दोघेही आहेत. प्रमाणपत्राने सवलत मिळते, चालणे शिकविण्यासाठी माणूस लागतो. तोवर घरातील एखाद्या व्यक्तीला, बहुधा सुनेला किंवा मुलीला, सारे शिकवून घरी पाठविणे हाच मार्ग उरतो. शिकविण्याचे हे कौशल्य अभ्यासक्रमात सर्वांत कमी तासांचे आणि प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगाचे आहे.

महाविद्यालय निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याला विद्यापीठाची आणि नियामक परिषदेची मान्यता आहे का, ते कोणत्या रुग्णालयाशी जोडलेले आहे, आणि त्या रुग्णालयात अस्थिरोग, मेंदूविकार व अतिदक्षता असे तिन्ही विभाग खरोखर चालू आहेत का. पहिल्या दोन गोष्टी कागदावर कळतात. तिसरीसाठी कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जावे, किती रुग्ण बसले आहेत ते मोजावे, आणि त्यांपैकी किती यंत्राला जोडलेले आहेत व किती जण प्रत्यक्ष व्यायाम करीत आहेत, हे पाहावे.